एकशे एक्केचाळीस छिद्रं

कोर्टाने मास्तरांचं मृत्युपत्र खरं मानलं, प्रोबेट दिलं आणि दुकान रीतसर धाकटीच्या नावावर झालं.

हे कोणी ऐकलंच नाही असं समजून आता पुढे जाऊ. निदान धाकटीला तरी यातलं काही ठाऊक नाही. ती अजून कोर्टाच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकी क्रमांक चारसमोर उभी आहे, आणि आतला छाननी कारकून तिच्या वडिलांचं मृत्युपत्र उजेडाकडे धरून डोळा बारीक करून बघतोय.

"यातून दिसतंय," कारकून म्हणाला.

"काय दिसतंय?"

"समोरची इमारत."

मृत्युपत्राला भोकं आहेत, ही गोष्ट धाकटीला आधीच सांगण्यासारखी वाटली नव्हती. इतरांच्या घरी कागदावर रेघा असतात, तशी तिच्या घरी कागदाला भोकं असायची. तिचे वडील, म्हणजे मास्तर, चाळीस वर्षं कपडे शिवत होते, आणि कपड्यांतून वेळ उरला की कागद शिवायचे. स्टेपलर त्यांना बघवत नसे. पिन ही काही शिवण नव्हे, ती कागदाला दिलेली धमकी आहे, असं त्यांचं मत. विजेची बिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पोरांची प्रगतिपुस्तकं, सगळं मशीनखालून जायचं. टाका लांब ठेवायचा, कारण बारीक टाक्याने कागद तिकिटासारखा फाटतो. सुरुवातीला आणि शेवटी दोन टाके मागेपुढे करून पक्के करायचे. दोरा पांढरा. थोरल्याच्या आजारपणाची चिठ्ठी अशी शिवून आलेली पाहून शाळेतल्या बाईंनी विचारलं होतं की नेमके टाके कोणाला पडलेत.

हा थोरला म्हणजे धाकटीचा दादा. तो जन्मला त्याच आठवड्यात मास्तरांनी दुकानाची पाटी नव्याने रंगवून घेतली आणि आडनावापुढे 'अँड सन' घातलं. सन तेव्हा पाच दिवसांचा होता आणि दिवसातले वीस तास झोपत होता. पुढे सन मोठा झाला, पण सुईत दोरा ओवायला बसला की सुई एका गावाला आणि दोरा दुसऱ्या. शेवटी तो लिफ्ट तपासनीस झाला. आठ माणसांची म्हणून लावलेली लिफ्ट खरोखर आठ माणसांची आहे का, हे लोकांच्या इमारतीत जाऊन बघायचं, असं त्याचं काम. 'अँड सन'च्या पाटीखाली गेली चौदा वर्षं धाकटी बसत होती. नवं गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, सन आहेत का? ती टेप गळ्यात टाकत म्हणायची, बोला.

या चौदा वर्षांत मास्तरांनी तिचं कौतुक एकाच शब्दात केलं. तिने शिवलेला कपडा हातात घ्यायचा, शिवण दोन्ही बाजूंनी दोनदा ओढून बघायची आणि म्हणायचं, "चालेल." उशीची खोळ असली तरी चालेल, कोट असला तरी चालेल. एकदा तिने एकटीने अख्खा सूट उभा केला, अस्तरासकट. मास्तरांनी तो दिव्याखाली उलटा केला, सुलटा केला, बाहीत हात घालून पाहिला. मग चष्मा काढला. धाकटीचा जीव टांगणीला लागला. मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "चालेल."

मास्तर गेले ते भर दुपारी, एका पँटचा एक पाय कापून झाल्यावर. दुसरा पाय धाकटीने कापला. गिऱ्हाइकाला फरक कळला नाही. धाकटीला तो अजून कळतो.

मृत्युपत्र मशीनच्या खणात सापडलं, बॉबिनांच्या डब्याखाली. तीन पानं, डाव्या कडेने शिवलेली. पहिल्या पानावर मास्तर कोण आहेत आणि ते पूर्ण शुद्धीवर आहेत हे सांगितलं होतं. दुसऱ्यावर कोणाला काय: घर दोघांना निम्मं, घड्याळ आणि रेडिओ थोरल्याला, दुकान, मशीन आणि मोठी कात्री धाकटीला. तिसऱ्यावर सह्या. मास्तरांच्या दोन, आणि साक्षीदार म्हणून समोरच्या काजवाले काकांच्या दोन आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या दोन. सह्या दोन-दोन का, असा प्रश्न कोणाला पडला नाही. मास्तर सहीचाही शेवटचा टाका पक्का करत असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

गाळ्यांच्या कचेरीने मात्र स्पष्ट सांगितलं होतं. मयत माणसाच्या नावावर दुकान चालवता येत नाही, सहा महिन्यांत प्रोबेट आणा, नाहीतर गाळ्याला सील. धाकटीने विचारलं, सील कसं लावतात? लाखेचं, म्हणाले. तिला उगाच बरं वाटलं. निदान पिन तरी नाही.

तर, भोकं. अर्जासोबत प्रती जोडायच्या होत्या म्हणून ती झेरॉक्सवाल्याकडे गेली. तो म्हणाला, पानं सपाट पडत नाहीत, कडेचे शब्द पोटात जातायत, पिन काढा. ती म्हणाली, पिन नाहीये. आणि तिच्या घरातल्या कोणीही केलं असतं तेच तिने केलं. पर्समधली ब्लेड काढली आणि झेरॉक्सच्या काउंटरवर उभ्या उभ्या मृत्युपत्र उसवलं. चार मिनिटं लागली. दुकानात परत येऊन तिने ते पुन्हा शिवलं, तेही मशीन पायाने न चालवता, चाक हाताने एकेक टाका फिरवत, म्हणजे सुई बाबांच्याच भोकांतून जाईल. फक्त नऊ वेळा सुई सरकली. मूळ पानांना जुनी एक रिकामी ओळ होतीच, ती तिच्या नजरेला दिसली, मनाला नाही. त्या क्षणी तिला स्वतःच्या हाताचा अभिमान वाटत होता. पुढचे तीन आठवडे तो टिकला.

धाकटीच्या वकीलबाईंनी छाननीचा शेरा वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तुम्ही मृत्युपत्र उसवलंत?"

"हो. पण परत शिवलं ना."

"तेच तर म्हणतेय मी."

मग वकीलबाईंनी समजावून सांगितलं. मृत्युपत्रावर चहा सांडला तर कोर्ट समजून घेतं. उंदराने कोपरा खाल्ला तर सहानुभूतीसुद्धा मिळते. पण उघडून पुन्हा बंद केलेलं मृत्युपत्र म्हणजे दोनदा चिकटवलेलं पाकीट. मधलं पान कोणी बदललं कशावरून नाही? आणि मधल्याच पानावर तुम्हाला दुकान मिळतंय. शेरा असा होता: 'दस्तऐवजाच्या तिन्ही पानांवर असंख्य छिद्रे आढळतात. सबब प्रतिज्ञापत्राद्वारे खुलासा करावा.'

धाकटीला सगळ्यात जास्त 'असंख्य' लागलं. ती म्हणाली, असंख्य नाहीत, त्यांनी मोजली नाहीत एवढंच. वकीलबाई म्हणाल्या, मग तुम्ही मोजा. त्यांनी हे चिडून म्हटलं होतं. पण धाकटी चिडून म्हटलेलं आणि शांतपणे म्हटलेलं यात फरक करत नसे. गिऱ्हाइकांमुळे लागलेली सवय.

दुसऱ्या दिवशी ती खिडकी क्रमांक चारच्या आतल्या टेबलावर बसली. कारकुनाने आधी तिची पर्स तपासली आणि ब्लेड काढून घेतली. मोजताना चुकू नये म्हणून तिने खिशातून शर्टाची बटणं काढली. दहा छिद्रं झाली की एक बटण टेबलावर. कारकून मान वळवून वळवून बघत होता. त्याच्या तेवीस वर्षांच्या नोकरीत कोणी पुराव्याला बटणं लावली नव्हती.

पहिलं पान, एकशे एक्केचाळीस. तिसरं पान, एकशे एक्केचाळीस. दुसरं पान, पंचाहत्तर.

तिने दुसरं पान पुन्हा मोजलं. पंचाहत्तर. तिसऱ्यांदा मोजलं. बटणं सातच होत होती आणि वर पाच छिद्रं. मग, दुकानात एखादी बाही दुसरीपेक्षा लांब निघाली की करते तसं, तिने तिन्ही पानांच्या कडा एकमेकींशी ताडून पाहिल्या. नऊ छिद्रं तिची. सहासष्ट बाबांच्या शिवणीची, ज्यांत आत्ता दोरा आहे. आणि पहिल्या-तिसऱ्या पानावर आणखी सहासष्टांची एक जुनी, रिकामी ओळ, तिच्याही दोन्ही टोकांना मागेपुढे पक्क्या केलेल्या टाक्यांच्या खुणा. म्हणजे हे मृत्युपत्र बाबांनी एकदा शिवलं होतं, मग उसवलं होतं, आणि पुन्हा शिवलं होतं. पहिल्या शिवणीच्या वेळी हे मधलं पान तिथे नव्हतंच. दुसरंच कुठलं तरी होतं.

"जमलं का?" कारकुनाने विचारलं.

"मोजतेय अजून," धाकटी म्हणाली.

खरं तर मोजून झालं होतं. तिन्ही पानांवर एकशे एक्केचाळीस असं लिहून दिलं असतं, तर त्या इमारतीत कोणाच्या बापाला कळलं नसतं. कारकून मोजणार नव्हता, वकीलबाई मोजणार नव्हत्या, न्यायाधीशांना तर कागद हातात धरायलाही माणूस होता. दुकान तिचं झालं असतं. फक्त रोज सकाळी शटर वर करताना, त्या हरवलेल्या पानावर काय होतं, हा प्रश्नही तिच्याबरोबर आत आला असता आणि दिवसभर स्टुलावर बसून राहिला असता. तिने बटणं गोळा केली, ब्लेड परत मागितली आणि चालत दुकानात आली. वाटेत दादाला फोन केला. म्हणाली, ये आणि बस, उभ्याने सांगण्यासारखं नाही.

दादा ना-हरकतीचं प्रतिज्ञापत्र सही करून, इस्त्री करून घेऊनच आला होता. येताना विचारलंही होतं, आता याला शिवणार का? धाकटीने बटणं टेबलावर मांडून त्याला सगळा प्रकार सांगितला. तो ऐकत राहिला. लिफ्टमध्ये कुठून तरी बारीक आवाज येतोय पण नक्की कुठून ते कळत नाही, अशा वेळी तो असाच बसत असणार. मग त्याने ना-हरकत घडी घालून परत खिशात ठेवली.

"तुला माहीत होतं?"

"माहीत असतं तर मी मोजत बसले असते का? बटणं घेऊन?"

"तुझा भरवसा नाही. तू बसली असतीस."

दादाने मशीनचं चाक एकदा फिरवलं, पुन्हा उलटं फिरवलं. लहानपणी त्याने हे केलं की मास्तर हातावर फूटपट्टी मारायचे. आता मारायला कोणी नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच हात काढून घेतला.

"हे बघ धाकटे," तो म्हणाला, "मला दुकान नकोय. मला यातलं टाचणीएवढं कळत नाही. पण आधीच्या पानावर माझं नाव होतं आणि बाबांनी ते काढलं, तर का काढलं ते मला कळायला हवं. मला दुकान नको होतं म्हणून काढलं, की मीच नको होतो म्हणून?"

धाकटीचाही एक प्रश्न होता, आणि तो त्याच कापडाच्या उलट्या बाजूसारखा होता: दादा नाही म्हणाला म्हणून उरलेलं कापड आपल्या पदरात टाकलं, की आपल्यासाठीच कापलं होतं? पण हे तिने बोलून दाखवलं नाही. ती एवढंच म्हणाली की इस्त्रीवाला तर तीन वर्षांपूर्वीच गेला, राहिले काजवाले काका. चल.

काजवाले काका समोरच्या गाळ्यात चाळीस वर्षं फक्त काजं करत होते. शर्ट कोणाचाही असो, भोक त्यांचं. ते वेळही काजांत मोजायचे. जेवायला किती वेळ लागतो, तर बारा काजं. इथून दवाखाना किती लांब, तर तीस काजं, रिक्षाने आठ. दोघा भावंडांनी विचारलं, काका, मृत्युपत्राच्या वेळी नक्की काय झालं होतं?

"कुठल्या वेळी?" काका म्हणाले. "तुझ्या बापाने मला दोनदा बोलावलं."

पहिल्यांदा मास्तरांनी चहा दिला होता आणि सह्या घेतल्या होत्या. दुसऱ्यांदा दोनएक वर्षांनी बोलावलं, तेव्हा चहा दिला नाही. मास्तरांनी दोरा उसवून ठेवला होता, मधलं पान नवं लिहिलं होतं. ते दोघांसमोर वाचून दाखवलं, पुन्हा शिवलं, आणि म्हणाले, आता परत सह्या करा, आधीच्या सह्या आधीच्या पानाच्या. म्हणून सह्या दोन-दोन. काका म्हणाले, इस्त्रीवाला तेव्हा कुरकुरला होता की एका मेलेल्या माणसाला किती सह्या लागतात. मास्तर म्हणाले होते, मी अजून जिवंत आहे, म्हणून तर.

"आधीच्या पानावर काय होतं, काका?" दादाने विचारलं.

"मी काजं करतो बाळा. लोकांचे कागद वाचत नाही."

"आणि ते पान गेलं कुठे?"

काका दादाकडे असे बघू लागले, जणू त्याने विचारलं होतं की पाणी कुठून येतं. "कागद तुझ्या बापाने कधी टाकलाय? तिथेच घेतली कात्री आणि कापला. कसली तरी कॉलर कापली."

निघताना काकांनी धाकटीला थांबवलं. एक दोन काजं होतील एवढा वेळ ते नुसते सुईकडे बघत राहिले. मग म्हणाले, त्या दिवशी तो एक विचित्रच बोलला. कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या कोटाला तू कॉलर लावली होतीस म्हणे. ती उसवून परत लावावी म्हणून त्याने ती घेतली आणि तासभर घेऊन बसला. मग आम्हाला म्हणाला, 'शिवणीत काढण्यासारखं काही सापडत नाहीये. माझे डोळे गेले बहुतेक.' आणि मग सह्या करायला लावल्या.

धाकटीने काकांच्या टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे गोळा केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. ते टाकायची काही गरज नव्हती.

दुकानाच्या माळ्यावर मास्तरांचे कापलेले कागदी नमुने होते. तीस वर्षांच्या बाह्या, खिसे, गुडघे आणि पाठी, सुतळीने बांधलेले गठ्ठे. वर्तमानपत्राचे, कॅलेंडरचे, एक तर दादाच्याच भूमितीच्या उत्तरपत्रिकेचा, पंधरापैकी चार. दादा म्हणाला, बघ, इथे निदान माझ्या भूमितीचा उपयोग झाला. दोघं जमिनीवर बसून कॉलर शोधत होते. कॉलरी शंभरावर निघाल्या. गोल, टोकदार, आता कोणी घालत नाही अशा लांबच लांब. चौऱ्याण्णवावी जाड पांढऱ्या कागदाची होती, आणि तिच्या डाव्या कडेला सहासष्टांपैकी एकवीस छिद्रं शिल्लक होती. धाकटीने न मोजता ओळखलं, मग मोजलंच.

एका बाजूला मास्तरांचं अक्षर. कात्रीने कडा खाल्ल्या होत्या, पण मधली ओळ पूर्ण होती: 'माझे दुकान, मशीन व मोठी कात्री ही माझ्या थोरल्या मुलास मिळावीत.' दादाने ती मोठ्याने वाचली. मग धाकटीने कॉलर उलटी केली. मागे खडूच्या पेन्सिलीने लिहिलेलं: 'थोरला. गळा पंधरा. नोकरीचा सूट.'

दादाने 'नोकरीचा' हा शब्द तीनदा वाचला.

"मी त्यांना सांगितलं होतं मित्राचं लग्न आहे," तो म्हणाला.

बारा वर्षांपूर्वी तो दुकानात येऊन सूट शिवून द्या म्हणाला होता. लिफ्टच्या कंपनीत मुलाखत होती, पण ते सांगायची छाती झाली नव्हती, म्हणून त्याने एक मित्र बोहल्यावर चढवला. मास्तरांनी त्या मित्राचं नावही विचारलं नव्हतं. माप घेतलं, कापड निवडलं, आणि गिऱ्हाइकाने सांगायच्या आधीच बाह्या वाढवून ठेवणाऱ्या माणसाने न बोलता ओळखलं की हा सूट कुठे चाललाय. मग मृत्युपत्र उसवून दुकान त्याच्या नावावरून काढलं आणि त्याच कागदाची कॉलर कापून त्याच्या गळ्याशी लावली.

"वर्षभर मी घाबरत होतो, की बाबांना कळलं तर काय म्हणतील," दादा म्हणाला. "आणि त्यांनी तर मला सूट शिवून सोडलं. दुकान गळ्यात मारायचं सोडून."

"ती कॉलर मी लावली होती," धाकटी म्हणाली.

"ठाऊक आहे. मुलाखतीत सगळा वेळ टोचत होती."

"टोचत नव्हती. तू मान वाकडी धरतोस."

दादाने खिशातून ना-हरकत काढली, तिची घडी उलगडली आणि मांडीवर हाताने सपाट केली. माळ्यावर धूळ होती. दोघांनीही डोळे पुसले ते त्यामुळेच, असं दोघांनी ठरवून टाकलं.

प्रतिज्ञापत्र नऊ पानांचं झालं. काजवाले काकांनी शपथेवर सगळं सांगितलं, फक्त 'शिवणीत काढण्यासारखं काही सापडत नाहीये' हे वाक्य वकीलबाईंनी खोडलं. त्याचा वारसाहक्काशी संबंध नाही, म्हणाल्या. धाकटीने हट्ट धरला नाही, पण खोडलेला तो कच्चा मसुदा तिने मागून घेतला. कॉलर 'परिशिष्ट क' म्हणून जोडली गेली. खिडकी क्रमांक चारच्या कारकुनाने ती हातात घेऊन पुढून पाहिली, मागून पाहिली, आणि आजूबाजूला कोणी बघत नाही असं वाटल्यावर स्वतःच्या गळ्याशी धरून पाहिली. पंधराची कॉलर त्याला लहान पडत होती. त्याने तसा शेरा मारला नाही.

नियमाप्रमाणे वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्यावी लागली, की मयताच्या मृत्युपत्रास कोणाची हरकत असल्यास त्याने चौदा दिवसांत कळवावं. एकच हरकत आली. एक वृद्ध गृहस्थ दुकानात येऊन म्हणाले की त्यांचा करडा कोट अकरा वर्षांपूर्वी बाह्या आखूड करायला दिला होता, आणि मास्तरांनी 'मंगळवारी या' असं सांगितलं होतं. कोणत्या मंगळवारी ते सांगितलं नव्हतं. धाकटीने कोट शोधून काढला. बाह्या आखूड करून ठेवलेल्या होत्या, चिठ्ठीही शिवलेली होती. गृहस्थांनी तो तिथेच घालून पाहिला. एव्हाना ते स्वतःच थोडे आखूड झाले होते, त्यामुळे बाह्या पुन्हा लांब होत होत्या. हरकत मागे घेतो, ते म्हणाले, पण मंगळवारी येतो.

मग एका सकाळी कोर्टाने मास्तरांचं मृत्युपत्र खरं मानलं आणि प्रोबेट दिलं. म्हणजे ते पहिलं वाक्य आता परत वापरायला हरकत नाही. न्यायाधीशांनी सगळा कागद चाळून एवढंच विचारलं, की या कुटुंबात कोणी पंचिंग मशीन का विकत घेत नाही. वकीलबाई म्हणाल्या, महोदय, परंपरा आहे.

दादाने पाटी बदलून घेऊया म्हटलं. धाकटी म्हणाली, राहू दे, रंगाऱ्याला अक्षरं नीट जमत नाहीत. खरं कारण तिने सांगितलं नाही. नवं गिऱ्हाईक डोकावून 'सन आहेत का' विचारतं आणि ती 'बोला' म्हणते, याची आता तिला मजा यायला लागली होती.

एकच गोष्ट राहिली. मूळ मृत्युपत्र परत मिळत नाही. ते कायमचं कोर्टाच्या दफ्तरात राहतं, आणि हातात येते ती शिक्का मारलेली प्रत. ती घ्यायला धाकटी खिडकी क्रमांक चारवर गेली, तेव्हा कारकून मूळ पानं फायलीला जोडत होता. आता तो तिला ओळखत होता, म्हणून अदबीने हसला. आणि हसत हसत त्याने टेबलावरचा मोठा स्टेपलर ओढला, मास्तरांच्या शिवणीवर ठेवला आणि तळव्याने दाबला. टक्. मग खात्री व्हावी म्हणून आणखी एकदा. टक्.

धाकटी प्रत घेऊन घरी गेली. दोन दिवस तिने काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने एक अर्ज लिहिला, डाव्या कडेने शिवला, सुरुवातीचे आणि शेवटचे टाके पक्के केले आणि नेऊन दिला. कारकुनाने तो आवक वहीत नोंदवला, क्रमांक दिला आणि ज्या कपाटात असे अर्ज जातात त्या कपाटात ठेवला. तो तिथेच आहे.

'विषय: दफ्तरातील मृत्युपत्रास मारलेल्या दोन पिना काढण्याबाबत.

महोदय, सदर पिना मयताच्या हातच्या शिवणीवर मारण्यात आल्या असून त्या मयतास चालल्या नसत्या, हे अर्जदार स्वतःच्या माहितीवरून सांगत आहे. तरी त्या काढून घेऊन सदर पाने त्याच जागी, त्याच छिद्रांतून पुन्हा शिवण्याची अर्जदारास परवानगी मिळावी. मशीन, सुई व पांढरा दोरा अर्जदार स्वतः आणेल व चाक हाताने फिरवेल, जेणेकरून कामकाजात व्यत्यय येणार नाही. या खेपेस सुई सरकणार नाही.

तसेच शिवण पूर्ण झाल्यावर मयत यांना कार्यालयीन वेळेत पाच मिनिटांकरिता समक्ष हजर ठेवण्याचे आदेश व्हावेत. त्यांना ती शिवण दोन्ही बाजूंनी दोनदा ओढून पाहू द्यावी. त्यानंतर ते जो एक शब्द उच्चारतील, तो अर्जदारास अगोदरच ठाऊक असला तरी, त्यांच्या तोंडून ऐकवून नोंदीवर घेण्यात यावा, ही नम्र विनंती.'